व्यंकटरावांचा समुद्र

(गंगाखेड, १९५७. वेळअमावास्येची संध्याकाळ. शेतात पूजा करून, भज्जी-आंबील जेवून सगळे परतलेत. अंगणात सुनेत्रा, वर्षभरापूर्वी कोकणातल्या हर्णैहून या घरात आलेली सून, काशीनाथची बायको. सासरे व्यंकटराव, तहसिलीतून वजिफा (पेन्शन) घेतलेले कारकून, चावडीवर रेडिओ ऐकून नुकतेच आलेत.)

व्यंकटराव : ...अन् आजची खबर कालच्यापेक्षा वाईट. कोकण किनारपट्टीवर दाट ढग. चांदणी औषधालाही दिसायची नाही.

सुनेत्रा : अगबाई! आठवडाभर ढगच? पौष तोंडावर आलाय मामंजी.

व्यंकटराव : आता मी काय करू? रेडिओनं सांगितलं, मी ऐकलं. उकाडा तर असा, की बसल्या जागी माणसाला पाझर फुटायलाय.

सुनेत्रा : आणि इथे?

व्यंकटराव : इथं? वर बघ की! तिकांडं कसं ठसठशीत वर यायलंय, तिन्ही चांदण्या एका ओळीत. असं आभाळ तुमच्या हर्णैला सात जन्मांत मिळायचं नाही.

सुनेत्रा : आभाळ छानच आहे हो. पण ही थंडी! ओठ बघा माझे, नुसते फुटलेत.

व्यंकटराव : लोणी लाव, दोन दिवसांत बरे होतील. त्या चिकट घामाला काय लावशील?

सुनेत्रा : बरं, वाऱ्याचं काय म्हणाला रेडिओ?

व्यंकटराव : वारा बिलकुल बंद.

सुनेत्रा : आणि भरती?

व्यंकटराव : भरती? भरती... नाहीच आज.

सुनेत्रा : नाहीच?

व्यंकटराव : कशी असेल? भरती आणतो चंद्र. आज अमावास्या. चंद्रच नाही, तर पाणी ओढायचं कुणी? समुद्र गप पडून आहे.

सुनेत्रा : हेसुद्धा रेडिओनं सांगितलं?

व्यंकटराव : शब्दन् शब्द.

सुनेत्रा : मामंजी, आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल, अमावास्येला उधाण असतं. पुनवेइतकंच मोठं. आमच्या घरामागे पाणी पार माडांपर्यंत येतं.

व्यंकटराव : असं? मग मुंबईवाल्यांचं चुकलं असेल. हैदराबाद सुटून त्यांच्या राज्यात जाऊन वर्ष झालं आपल्याला, अजून धड एक काम...

धुरपताबाई : (शेतावर कामाला असलेली बाई, अंगणात येत) कुणाचं चुकलं म्हणं? सूनबाई, हे घ्या तुमचं आंबिलाचं गाडगं, शेतातच इसरलं व्हतं. अन् रावसाहेब, तुमी कंचा रेडिओ ऐकून आलाव? चावडीतला तर मुका झालाय की! बॅटरी परभणीला गेलीया, अजून यायचा पत्ता न्हाई.

व्यंकटराव : धुरपताबाई, गाडगं ठेव अन् घरी जा.

धुरपताबाई : जातेच. पर रोज सांजच्याला पारावर बसून पुटपुटायलाव, ते ह्येच व्हय? मला वाटलं, जप करायलेत!

सुनेत्रा : मामंजी! एवढी खटपट कशासाठी हो?

धुरपताबाई : ते काय सांगायलेत? मीच सांगते. संक्रांतीला तुमचा भाऊ न्यायला येणार न्हवं? लय घाबरलेत रावसाहेब. ‘एकदा गेली की ह्या थंडीत कशाला परत येतीय’, असं म्हणलेत माझ्यापाशी.

व्यंकटराव : तुझ्या जिभेला काही हाड आहे का?

धुरपताबाई : न्हाई. चालले मी.

सुनेत्रा : खरं आहे हे?

व्यंकटराव : आता लपवून काय करू? काशीनाथ नोकरीपायी औरंगाबादला. त्याची आई गेल्यापासून संध्याकाळी या घरात कुणी बोलायचंच नाही. तू आलीस अन् रोज विचारायला लागलीस, हवा कशी आहे, कोणती चांदणी कुठं आली. सवय लागली गं मला. आधी खरी खबर आणायचो. तिथं आकाश निरभ्र, हवा गोड. ऐकलं की तुझे डोळे भरायचे. बॅटरी उतरली, अन् म्हटलं, थोडे ढग आणू.

सुनेत्रा : आणि उकाडा.

व्यंकटराव : तो जरा जास्त झाला का?

सुनेत्रा : परवा तर तुम्ही हर्णैला गारा पाडल्यात!

व्यंकटराव : तेव्हाच ओळखलंस?

सुनेत्रा : तेव्हाच. म्हटलं, बघू तरी अजून काय काय पडतंय.

व्यंकटराव : अन् भांडली नाहीस?

सुनेत्रा : कशाला भांडू? खोटा का होईना, माझ्यासाठी रोज कुणीतरी समुद्र आणत होतं घरी.

व्यंकटराव : मग... जाणार तू?

सुनेत्रा : जाणार. आईला बघायचंय मला.

व्यंकटराव : जा. जायलाच पाहिजे. अन् पुढं?

सुनेत्रा : पुढचा अंदाज ऐका. ‘गंगाखेड आणि परिसर. थंडी कडाक्याची राहील. आकाश निरभ्र. शेतातला हुरडा संपायच्या आत सूनबाई घरी परततील.’

व्यंकटराव : रेडिओचं काय खरं असतंय!

सुनेत्रा : हा रेडिओ मुका झालेला नाही, मामंजी. येणार म्हणजे येणार.

व्यंकटराव : मग आता माझं ऐक. कोकण किनारपट्टीवर आज ढग नाहीत. एकही नाही.