गेली म्हणजे कुठे गेली?

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक प्रश्न विचारतो, उत्तराची घाई नको. आपलं माणूस मेलं, तर आपण 'मेलं' का म्हणत नाही?

'वडील गेले' म्हणतो. 'आत्या परवा गेली' म्हणतो. बायको चिडली की नवऱ्याला म्हणते 'मेल्या' – हसू नका, मागच्या रांगेतल्या बाया हसतायत म्हणजे खरं आहे – आणि तोच नवरा खरंच मेला, की डोळे पुसत म्हणते, 'हे गेले'. जिवंत असताना मेला, आणि मेल्यावर गेला! असं का? माझ्या घरात आता मला 'मेल्या' म्हणणारं कोणी राहिलं नाही, म्हणून उत्तर मला ठाऊक आहे. 'मेली' म्हटलं की संपलं. 'गेली' म्हटलं की कुठंतरी आहे. जीव धरून राहावा म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनी जपून ठेवलेला शब्द आहे हा.

आता खरा प्रश्न. असा मायेचा शब्द घेऊन त्याचा कोणी फास केला, तर त्या माणसाला काय म्हणायचं? बोलू नका. आधी ऐका.

निवृत्ती खैरे नावाचा एक मंडपवाला होता. मंडप, सतरंज्या, लग्नाची पातेली भाड्यानं द्यायची. स्वतःचा छोटा टेम्पो. बायको हौसा. पातेली घासून, मोजून, परत आलेल्या पातेल्याचा पोचा कुणाच्या घरात पडला हे तोंडावर सांगणारी बाई. ती आजारी पडली, तर त्याच टेम्पोत पुढं बसून शहरातल्या मोठ्या खासगी दवाखान्यात गेली. नाव सांगत नाही. तुमच्यातल्या प्रत्येकाला वाटेल, आपलाच दवाखाना.

एकदा ती म्हणाली, "अहो, ऐकता का? मला त्या भोंग्याच्या गाडीतून घरी नेऊ नका."

"चालत येशील तू."

"आले तर येईनच. नाही आले तर? आख्ख्या गावाच्या वराती आपल्या टेम्पोनं काढल्या, आणि मला परक्या गाडीत घालाल? शब्द द्या."

निवृत्तीनं शब्द दिला. आणि एका पहाटे हौसा गेली.

वरच्या मजल्यावर सांगितलं, कागद व्हायला दुपार होईल, तोवर ताबा मिळणार नाही. निवृत्ती थांबला. दुपारी खाली आला, टेम्पोत सतरंजी अंथरायला. साधी नाही, हौसानं कधी भाड्यानं दिली नाही ती, लाल काठाची. बघतो तर टेम्पोच्या चाकाला लोखंडी जॅमर. काचेवर नोटीस. 'रुग्ण गेल्यापासून एका तासात वाहन हलवावे. अन्यथा जॅमर व दंड.'

पार्किंगचा ठेका एका वेगळ्याच कंपनीचा. पत्र्याच्या केबिनमध्ये त्यांचे सुपरवायझर, सातपुते. थंड पंखा, गरम चहा.

"साहेब, गाडी मोकळी करा. बायकोला न्यायचंय."

"नियम वाचा काका. रुग्ण गेल्यापासून एक तास. तुमचा रुग्ण पहाटेच गेला. मग गाडी दुपारपर्यंत इथं कशाला?"

"गेला कुठं? वरच आहे. सोडलंय कुठं तुम्ही?"

"अहो, गेला म्हणजे... गेला. कळतंय ना तुम्हाला."

"नाही कळत. मला वाटलं, दवाखान्यातनं घरी गेला, की एक तास."

"तसाही अर्थ होतो."

"मग तुम्ही कुठला धरता?"

"जो लागू पडेल तो."

ऐकलंत? जो लागू पडेल तो! मृदंगवाले बुवा, तुम्ही असं वाजवाल का? ताल कुठला, तर जो लागू पडेल तो! गावकरी मृदंगासकट विहिरीत टाकतील. पण मृदंगाला जी शिस्त आहे ती नोटिशीला नाही.

निवृत्ती म्हणाला, "साहेब, वर बिलात आजची खाट लावलीय. मी विचारलं, बाई तर पहाटेच... तर म्हणाले, ताबा देईपर्यंत रुग्ण इथंच आहे असं धरतात. म्हणजे खाटेचं भाडं घ्यायला माझी बायको आहे, आणि चाकाला कुलूप लावायला ती गेली?"

"दवाखाना वेगळा, आमचा ठेका वेगळा."

"बायको एकच आहे साहेब."

सातपुत्यांनी कागद पुढं सरकवला. दंड भरा, खाली सही करा, कुलूप निघेल. सहीच्या वर छापलेलं – 'नियम मला स्पष्ट समजला होता व मी तो मोडला.'

हौसाचा भाऊ किसन बरोबर होता. त्यानं खिशात हात घातला. "दाजी, भरतो मी. करा सही आणि चला. दिवस मावळायच्या आत ताईला घरी न्यायचीय. सुशी सासरहून येऊन ओट्यावर बसलीय."

"पैसे दे, किसन. ही सही मी करणार नाही."

"शाईची एक रेघ, दाजी."

"समजला होता म्हणे. पहाटे माझ्या हातात तिचा हात गार पडत होता, आणि मला समजलं होतं, की आता तासाभरात टेम्पो हलवायचा? असं मी लिहून द्यायचं? तिच्या शेवटच्या दिवशी?"

"मग शववाहिका बोलावतो."

"तिला शब्द दिलाय."

मंडळी, बघा कसा कोंडला माणूस. भांडावं, तर दिवस चाललाय आणि लेक ओट्यावर बसलीय. सही करावी, तर खोटं. दुसरी गाडी करावी, तर मेलेल्या बायकोला दिलेला शब्द मोडला. आणि हा कोंडवाडा कशाचा? एका शब्दाचा! नीट लिहिला असता, तर लोखंडाला काय किंमत होती?

निवृत्तीचा आवाज चढला नाही. खिडकीपाशी गाड्यांच्या पावत्या घ्यायला माणसं उभी होती, डबे, थर्मास, गोळ्यांच्या पिशव्या घेऊन. त्यानं काचेवरनं काढून आणलेली नोटीस टेबलावर ठेवली आणि तिथलंच पेन उचलून सातपुत्यांच्या हातात दिलं.

"एक करा. 'गेल्यापासून' खोडा. तुमच्या मनात जे आहे ते लिहा. 'रुग्ण मेल्यापासून एका तासात.' तुमच्या हातानं, या नोटिशीवर. मी लगेच सही करतो. उद्यापासून पाटीवर पण तसंच रंगवा."

"असं कसं लिहायचं काका? बरं दिसतं का?"

"लिहायला बरं दिसत नाही, आणि वसूल करायला बरं दिसतं?"

सातपुत्यांनी पेन टेकवलं. 'रुग्ण मे' इथवर लिहिलं. आणि रांगेतली एक म्हातारी, थर्मास पोटाशी धरलेली, खिडकीत वाकली.

"लिहा बाबा, लिहा. माझा मालक वर काचेच्या खोलीत आहे. मला पण कळू दे, किती वेळ आहे माझ्याकडं."

पेन थांबलं. 'मे'च्या पुढं 'ल्या' काही येईना. सातपुत्यांनी म्हातारीकडं बघितलं, मग कागदाकडं, मग कुणाकडंच नाही. कागद चुरगाळला. बाहेर हाक मारली, "मंदाताई, जॅमर काढा त्या टेम्पोचा."

देव पावला म्हणू नका. सातपुत्यांना दया आली असंही मी सांगणार नाही, त्यांच्या काळजात मी गेलो नाही. स्वतःच्या मनातलं स्वतःच्या अक्षरात वाचायची वेळ आली, आणि ते वाचवेना. एवढंच झालं.

ताबा मिळाला. लाल काठाच्या सतरंजीवर हौसा निजली. टेम्पो फाटकाशी आला. फाटकावरच्या मंदाताईंच्या हातात वही, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीचं कारण लिहायची. ती बाई टेम्पोत डोकावली आणि अडखळली.

"दादा, काय लिहू?"

निवृत्तीनं मागं वळून एकदा हौसाकडं बघितलं.

"आता लिहा ताई. आता गेली."

(टाळ नको. राहू द्या जरा.)

सातपुत्यांचा राग आला ना तुम्हाला? मलाही येतो. पण तुम्ही घरी जाऊन त्यांना शिव्या देणार आणि शांत झोपणार, तसं मी होऊ देणार नाही. तुमच्या ओसरीवर मुलाच्या लग्नाची बैठक बसते, तेव्हा मुलीच्या बापाला काय सांगता? सांगा ना, आता का माना खाली? "आमची काही मागणी नाही. तुमच्या मुलीला काय घालायचं ते घाला. लग्न तेवढं चांगलं करून द्या." चांगलं म्हणजे काय, मंडळी? जो अर्थ लागू पडेल तो! आणि लग्नानंतर तो बाप लेकीला माहेरी न्यायला तुमच्या घरी येतो, तेव्हा त्याच्या चाकाला जॅमर लावलेला असतो. लेक तुमच्या घरात कोंडलेली, आणि नियम म्हणे त्याला स्पष्ट समजला होता.

हुंडा मागायचाय? मग 'हुंडा' म्हणा. सगळ्यांसमोर, लेकीच्या तोंडावर, स्वतःच्या हातानं लिहा. हात थांबला, तर समजा की अजून माणूस आहात. नाही थांबला, तर माझ्या कीर्तनाला पुन्हा येऊ नका.

चला, आता त्याचं नाव घ्या. पुटपुटू नका. ओठ उघडून, एकेक अक्षर कळेल असं.