माशाच्या पाण्याचा हीटर

(बालाघाट, डिसेंबर २००८. त्र्यंबकराव माशाच्या काचेच्या टाकीजवळ जमिनीवर बसले आहेत. मोबाइलचा स्पीकर चालू. पलीकडे पुण्याहून मुलगी ईरा.)

त्र्यंबक: ...कापू का मंग? ब्लेड हातातच आहे.

ईरा: थांबा, थांबा! आधी कोणता पाइप धरलाय ते सांगा.

त्र्यंबक: हाच. टाकीतून खाली फिल्टरच्या डब्यात येते तो.

ईरा: तो नाही हो बाबा! डब्यातून वर टाकीत जातो, तो कापायचा. हीटरसोबत चित्र काढून पाठवलंय ना मी?

त्र्यंबक: पाह्यलं चित्र. मले वाटलं तुझंच चुकलं. आधी पाणी तापवाचं, मंग गाळाचं. कावीळ पसरली होती त्या साली तुझी आई तसंच करे. उकळे, अन् मंग फडक्यातून गाळे.

ईरा: ते प्यायचं पाणी होतं. इथं आधी गाळायचं, मग तापवायचं. नाहीतर सगळी घाण हीटरमध्ये जाऊन बसेल.

त्र्यंबक: अस्सं! बरं झालं विचारलं.

ईरा: फिल्टर बंद आहे ना? डब्याचे दोन्ही नळ?

त्र्यंबक: बंद, बंद. बावीस वर्षं बैहरच्या ऑफिसात जनरेटर सांभाळला मी. मले शिकवते!

ईरा: मग कापा. खाली बादली ठेवा.

त्र्यंबक: हं... कापला. तांब्याभर पाणी सांडलं, जास्त नाही. पण आता हा हीटरच्या तोंडावर चढूनच नाही राह्यला. लय कडक आहे.

ईरा: टोक दोन मिनिटं गरम पाण्यात बुडवा. आहे का जवळ?

त्र्यंबक: गरम पाण्याची काय कमी माह्या घरी! गॅसवर गंज भरून तयारच राह्यते.

ईरा: म्हणजे अजून त्या बाटल्या चालूच आहेत?

त्र्यंबक: मंग काय करू? परवा पारा सहावर गेलता. पाचले उठतो, पाणी तापवतो, दोन बाटल्या भरून टाकीत सोडतो. आठले बदलतो. सांजेले पुन्हा. मासा येऊन चिकटते बाटलीले. मले पाह्यलं का तोंड उघडते. तुझ्या आईचाच लाडोबा तो.

ईरा: त्र्याहत्तराव्या वर्षी, अशा थंडीत! म्हणून तर हीटर पाठवला मी. बसला का पाइप?

त्र्यंबक: बसला. दुसराही बसला. नट आवळले.

ईरा: हीटर उभाच ठेवा, आडवा नको. आता नळ उघडा, आधी फिल्टर चालू करा. पाणी नीट फिरायला लागलं की मगच हीटरचा प्लग.

त्र्यंबक: हौ... गुरगुरून राह्यला. हवा निघाली. बोट फिरवून पाह्यलं, कुठं गळत नाही. लावतो आता प्लग... लागला! लाल दिवा लागला, ईरा!

ईरा: शाब्बास! सव्वीसवर ठेवा. आता सगळं आपोआप. पाणी तापलं की बंद, गार झालं की चालू. तुम्हाला बघायलासुद्धा नको. खाणं शेजारची साधना टाकेल. मी जानेवारीचं तिकीटच काढते तुमचं... बाबा? ऐकू येतंय ना?

त्र्यंबक: येते.

ईरा: काय झालं?

त्र्यंबक: काही नाही. म्हणजे उद्या पाचले उठाचं काम नाही राह्यलं.

ईरा: तेच तर म्हणते. मस्त झोपा.

त्र्यंबक: झोप येते कोणाले? तुझी आई गेल्यापासून चारलेच डोये उघडतात. मंग या कुशीवरून त्या कुशीवर. पाच वाजले का बरं वाटे. चला, उठा, कोणीतरी वाट पाहून राह्यलं. आता तेही गेलं. माह्याशिवाय कोणाचंच अडत नाही आता.

ईरा: असं काहून बोलता बाबा? म्हणून तर इकडे या म्हणते.

त्र्यंबक: तू अन् जावई, दोघंही आठले घर सोडता. मागच्या खेपेले पंधरा दिवस राह्यलो, तर लिफ्टवाल्याशिवाय कोणी बोललं नाही माह्याशी. इथं निदान भाजीवाली तुळसाबाई नावानं हाक मारते.

ईरा: ...मग बंद करा तो हीटर. बाटल्याच टाका.

त्र्यंबक: पागल झाली का? माह्या करमणुकीसाठी त्या जिवाले थंडीत ठेवू? चालू राहू दे. सुखात राहील बिचारा.

ईरा: बाबा, मी उद्या पाचला फोन करू?

त्र्यंबक: काहून? हीटर तर लागला.

ईरा: हीटरसाठी नाही. असाच.

त्र्यंबक: तुले ऑफिस राह्यते. रोज नाही जमणार.

ईरा: रोज नाही जमणार. खोटं नाही बोलत.

त्र्यंबक: नको जमू दे रोज. जमंल त्या दिवशी कर. मी उठलेलाच राह्यतो.