टेकली

(शाळेतली क्रीडासाहित्याची खोली, शनिवारची दुपार. खेळाच्या शिक्षिका असलेल्या ताई फाटलेली जाळी शिवत बसल्या आहेत. त्यांचा धाकटा भाऊ, धंद्याने प्लंबर, हातात एक कागद घेऊन समोर उभा आहे.)

धाकटा : वाचून तरी बघ. न वाचताच नाही म्हणतेस.

ताई : वरची ओळ वाचली. 'फ्रिस्बीच्या सामन्यांना पंच नेमण्याबाबत.' त्याच्यापुढे काय वाचायचं?

धाकटा : ताई, एकोणीस संघ झालेत आता. लांबलांबच्या गावांहून लोक येतात. मैदानं पुरत नाहीत. एके काळी सात टाळकी जमवायला आपण दारोदार फिरायचो.

ताई : सात कुठली, सहाच जमली होती. सातवी म्हणून आईला उभं केलं होतं.

धाकटा : आणि तिनं पहिलीच तबकडी झेलली आणि ती घेऊन जी पळत सुटली, ती थेट घरी.

ताई : तबकडी हातात आली की पाय हलवायचा नाही, जागेवरूनच फेकायची, हे तिला अजून पटलेलं नाही. म्हणते, मिळालेली वस्तू लगेच दुसऱ्याला का द्यायची? तुझी अडचण वेगळीच होती. पहिल्या दिवशी काय विचारलं होतंस मला?

धाकटा : पंच कुठाय.

ताई : आणि मी काय म्हणाले?

धाकटा : या खेळात पंच नसतो. जमिनीला लागली असेल तर ज्यानं झेलली, त्यानंच सांगायचं. पाठ आहे मला सगळं.

ताई : सांगायचा शब्दसुद्धा तूच दिलास. 'टेकली.' बाबा कामावर शिडी लावायचे आणि ती पक्की बसली की तू खालून ओरडायचास, तोच. आता सगळे संघ तोच शब्द वापरतात. तो कुठून आला, हे त्यांना माहीतही नाही.

धाकटा : बाबा माझ्या शब्दावर डोळे मिटून चढायचे.

ताई : म्हणून तर मला तो शब्द आवडला. हा कागद घेऊन जा. मी सही करायची नाही.

धाकटा : तू सुरुवात केलीस, म्हणून तुझी सही लागते. नाहीतर आलोच नसतो. हे बघ, तेव्हा सगळे ओळखीचे होते. आता बक्षीस असतं, मोठ्या स्पर्धेसाठी निवड असते. चौदा-चौदा बरोबरी झालीय, शेवटचा गुण आहे, तबकडी बोटांत आहे आणि बोटं गवतात. त्या वेळी कोण आपण होऊन म्हणतो, टेकली? शेवटी माणूसच आहे.

ताई : चौदा-चौदा.

धाकटा : उदाहरण दिलं गं.

ताई : आपला अंतिम सामना चौदा-चौदावर होता. आणि गवतात बोटं होती ती तुझी.

धाकटा : आपण पंचांबद्दल बोलतोय.

ताई : मीही त्याबद्दलच बोलतेय. समोरच्या, नर्सांच्या संघाची कप्तान माझ्याकडे आली. मला टेकल्यासारखी वाटली, म्हणाली, पण बाई, तुम्ही सांगाल ते खरं. मी तुला विचारलं. तू काय म्हणालास?

धाकटा : नाही म्हणालो.

ताई : मग मी तिला काय सांगितलं? शेजारीच उभा होतास.

धाकटा : 'माझा भाऊ आहे, खोटं बोलायचा नाही.'

ताई : सामना संपल्यावर गोल करून बसलो, समोरच्या संघातलं काय आवडलं ते सांगायला. तिनं तुझं नाव घेतलं. तुझा खरेपणा आवडला म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी तर सगळ्यांत जोरात.

धाकटा : पुरे ना, ताई.

ताई : त्यानंतर ती मैदानावर फिरकली नाही. हरल्याचा राग धरलाय, मनाची कोती आहे, असं मी दहा महिने समजत होते. चारचौघांत बोललेही तसं. तूही ऐकलंस आणि मान डोलावलीस.

धाकटा : टेकली होती. घे. म्हटलं एकदाचं.

ताई : हे मैदानावर म्हणायचं होतं.

धाकटा : गेले दहा महिने मनाला खातंय ते. म्हणूनच पंच आणायची खटपट करतोय. तिथं पंच असता, तर मी खोटं बोललोच नसतो. मला कुणी विचारलंच नसतं.

ताई : तू तुझ्या तोंडानं खोटं बोलला असतास, तर कान धरून मोकळी झाले असते. तू माझ्या तोंडानं बोललास. तिनं तुझ्यावर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला होता. दे तो कागद.

धाकटा : कशाला?

ताई : सही करते. पेन आहे?

धाकटा : अशी नको, ताई. रागाच्या भरात नको.

ताई : राग नाही रे. तुझंच बरोबर आहे. जिथं मी माझ्या भावाची खात्री देऊ शकत नाही, तिथं एकोणीस संघांची काय देणार? हे घे. आणि त्या कप्तानकडे मी जाईन. तू येऊ नकोस, तुझ्यासमोर मला माफी मागता यायची नाही.

धाकटा : मी फोन करू का तिला?

ताई : नको.

धाकटा : जाळी झाली शिवून?

ताई : झाली.

धाकटा : माळ्यावर टाकायची ना? आण, मी टाकतो.

ताई : तुला वरची जागा माहीत नाही. मीच चढते.

धाकटा : मग शिडी लावतो. थांब हं, हा पाय जरा हलतोय... हं. टेकली. चढ.

ताई : बाजूला हो. मला बघू दे आधी.