सरकारने निवडलेला नवरा

क्रांती, प्रेम वगैरेच्या कादंबऱ्या फक्त कॉलेजच्या पोरींना चढतात असं वाटतं ना तुम्हाला? आमच्या मम्मीचं ऐका. इथे आखातात, सनद भागातल्या आमच्या घरी ती कोळंबी सोलत होती आणि मी तिला एक कादंबरी सांगत होते. त्यात सरकारच प्रत्येकीचा नवरा निवडतं. नायिका त्याला नाकारते आणि एका बंडखोराबरोबर पळून जाते. मला खरं तर माझ्या नेल्सनसाठी मम्मीचा होकार हवा होता, म्हणून ही पूर्वतयारी.

मम्मी पार विरघळली. "मेल्या सरकारचं काय जातं? पोरीला आवडलाय ना तो?"

मला वाटलं, झाली क्रांती! लगेच बोलून टाकलं, "मम्मी, मलाही एक आवडलाय. नेल्सन. हमद टाउनला राहतो."

कोळंबी सोलणारे हात थांबले. "कामाला कुठे आहे?"

"शोधतोय. सध्या व्हिजिट व्हिसावर आहे. पण त्याचे विचार इतके..."

"व्हिसा संपला की विचारही खलास."

"मम्मी, आत्ता तर तू बंडखोराच्या बाजूने होतीस!"

मम्मीने शांतपणे पुढची कोळंबी उचलली. "बाय, तो सरकारने निवडलेला पोरगा... त्याचं आता दुसरीकडे कुठे ठरलं का गं?"