ओवीच्या आधी अंधार

कौसल्या : …होडी मध्यावर आली, तरी आईचा आवाज येतच व्हता. "कौसेऽ, गं कौसेऽ." पाण्यावरनं हाक येती ती घसरत येती, बाय. रानातनं येती तशी अडखळत न्हाय. मी मागं बघितलं न्हाय. नव्या नवरीनं बघू नये म्हणत्यात. नरसिंहपूरच्या घाटाला होडी लागली, सासरची माणसं उतरली, आन् मी आपली तितंच बसून. नावाडी म्हणला, "उतरा की वहिनी, होडी परत जायची हाय." परत जाणाऱ्या त्या होडीचा इतका हेवा वाटला म्हणून सांगू.

उत्कर्षा : किती वर्षं झाली, काकू?

कौसल्या : माझ्या दीपकला इसावं सरलं. त्याच्या आदी चार. आई वैशाखात गेली, आवाज आजून गेला न्हाय. तू तिचं इचारलंस म्हणून सांगितलं, न्हायतर मला कोण इचारतंय. शेंगा हळू फोड. बियाणाच्या हायत्या. दाणा चिरला की उगवत न्हाय.

उत्कर्षा : हळूच फोडतेय.

कौसल्या : तू नाटकातली ती नव्हं? हिरवं लुगडं नेसलेली. आज तोंडाला रंग न्हाय, म्हणून दारात वळाखलं न्हाय.

उत्कर्षा : मीच. उत्कर्षा. बारामतीहून आले, दीपकला भेटायला. फोन उचलत नाही तो.

कौसल्या : चुकामूक झाली की मग. तो तुमच्याच बारामतीला गेलाय. कालिजात. दाखला काढायला.

उत्कर्षा : दाखला? शेवटचं वर्ष आहे त्याचं.

कौसल्या : भवानीनगरला मानसिंगमामाचं दुकान हाय वेल्डिंगचं. कारखाना सुरू व्हायच्या आदी समद्या ट्राल्या दुरुस्तीला येत्यात, माणूस पायजे त्येला. दीपकच म्हणला, जातो. मी व्हय बी म्हणलं न्हाय आन् न्हाय बी म्हणलं न्हाय. आमच्या दोघांत आता भाकरी आन् पाणी, एवढंच बोलणं उरलंय.

उत्कर्षा : मी त्याला थांबवायला आले होते.

कौसल्या : कशाला? नाटकाला?

उत्कर्षा : सोमवारी कॉलेज सुरू झालं. काल ग्रुपची पहिली बैठक होती. दरवर्षी पहिल्या दिवशी हॉलमध्ये अंधार करायचा आणि स्टेजवर उजेडाचं एकच वर्तुळ पाडायचं. नवीन पोरांनी एकेक करून त्यात उभं राहायचं. नाव सांगायचं, गाव सांगायचं, आणि घरचं काहीतरी म्हणून दाखवायचं. कुणी अंगाई म्हणतं, कुणी बाजारातली आरोळी. ते वर्तुळ दीपक पाडायचा. तेलाच्या डब्यांचे दिवे केलेत त्यानं, माहितीये ना?

कौसल्या : माहीत न्हाय तर काय. माझं डबं नेलं त्येनं. पीठ ठेवायचं व्हतं त्यात.

उत्कर्षा : काल त्या दिव्यांना हात लावायची कुणाची छाती झाली नाही. सरांनी ट्यूबलाइट लावायला सांगितल्या. गेल्या वर्षी आम्ही बावीस होतो, काल सात आलो. निम्मे दीपकवर चिडून गेलेत, निम्मे रविराजसरांवर. तुमच्या वरकुट्याच्याच शेजारचा एक नवा पोरगा आला होता. ट्यूबलाइटखाली उभा राहून हजेरी दिल्यासारखं नाव सांगितलं आणि खाली बसला. सर म्हणाले, शनिवारपर्यंत बघू, नाहीतर हॉलची किल्ली परत देऊन टाकू.

कौसल्या : आन् दीपक आला की सात जणांचं बावीस व्हणार?

उत्कर्षा : माहीत नाही.

कौसल्या : तू तर असशीलच की. स्पर्धेतली बक्षीसवाली.

उत्कर्षा : मी येत्या सोमवारी पुण्याला चाललेय, काकू. नाटकाच्या कोर्सला नंबर लागला.

कौसल्या : त्या बक्षिसावर?

उत्कर्षा : त्याच्यावर.

कौसल्या : म्हंजी तू निघालीस, आन् त्येला म्हणतीस थांब. बरं हाय तुमचं.

उत्कर्षा : बरं नाही.

कौसल्या : न्हाय, तुला बोल लावत न्हाय मी. तू चांगलीच केलीस. आमच्या आईचं पात्र व्हतं ना ते. नदीच्या काठाला हुबी ऱ्हायलीस तर माझ्या अंगावर काटा आला. आईला मीच घिऊन आले व्हते. पहाटं उठून तिकडनं निघालेली, नऊवारीची घडी मोडली, यष्टीत दिसंल त्येला सांगायची, आज बारामतीत माझं गाणं लागणार हाय. कंडक्टरलाबी सांगितलं. तो म्हणला, आजी, मग तिकीट तुमच्याकडनं कसं घिऊ. घेतलं मातुर मेल्यानं.

उत्कर्षा : तिसऱ्या रांगेत बसला होतात तुम्ही.

कौसल्या : तुला दिसलो व्हतो?

उत्कर्षा : दिसला होता.

कौसल्या : ओवी येती का गं तुला? आजून? मला म्हणवत न्हाय. दातावर आली की परत फिरती.

उत्कर्षा : काकू, राहू द्या.

कौसल्या : म्हण की. हितं कोण परीक्षक बसलाय.

(उत्कर्षा शेंगा खाली ठेवते. हलक्या आवाजात, न थांबता म्हणते.)

उत्कर्षा :
नीरामाई भरली गं, पल्याड माझी लेक
हाका मारल्या सात, त्यातली पवू दे एक.

नीरामाई वसरली, वाळूत पडली वाट
आईच्या हाकेची बाई, विरली न्हाई लाट.

कौसल्या : सगळी येती की. "वसरली" बी बराबर म्हणलीस. दीपक ओसरली ओसरली करायचा, तर आईनं त्येला चारदा म्हणाय लावलं. फोनवर उतरवून घेतलं त्येनं, कांदं भांगलताना. आईच्या म्होरं फोन धरून वाफ्यातनं उलटा चालला व्हता येडा, कांदं तुडवत. त्येनंच उतरवून घेतली, आन् त्येनंच इझवली.

उत्कर्षा : काकू…

कौसल्या : ओवीच्या आदीच अंधार झाला, पडदा पडला, माणसं उठाय लागली. आई उठंना. म्हणली, बस गं, आजून माझं लागायचं हाय. झाडूवाल्या बाईनं उठवलं आमाला. बाहीर माईकवर परीक्षक बोलले, दिवे चुकले पण मुलीनं नाटक तारलं. आई मला म्हणती, दिवे चुकले म्हंजी कोण चुकलं? मी म्हणलं, आपला दीपक. मग आजारी पडल्यावर येकदा म्हणली, दीपकला वंगाळ वाटलं आसंल गं माझं बोलणं. शिकल्या पोरांत. त्येला काय म्हणू नको.

उत्कर्षा : असं म्हणाल्या?

कौसल्या : तेच म्हणत गेली. मी तेराव्याला इचारलं त्येला, तुला आमची लाज वाटली व्हय रं? समद्या भावकीसमोर. तर खाली मान घालून पत्रावळी उचलत बसला. न्हाय तरी म्हणायचं. येकदा न्हाय म्हणला आसता… आला बघ. फाटकाचा आवाज झाला.

दीपक : तू? वरकुट्यात?

उत्कर्षा : इंदापूरच्या गाडीनं आले. फाट्यावरून चालत.

दीपक : सॅंडलचं वाटोळं करून घेतलंस मग.

कौसल्या : आत जाऊन च्या टाकते. तिला पाणी दे.

दीपक : देतो.

उत्कर्षा : दाखला मिळाला?

दीपक : मिळाला. पाच मिनिटांत. दोन वर्षं स्कॉलरशिपच्या एका सहीला आठ-आठ दिवस लावले त्या माणसानं, आणि आज मी म्हटलं जातोय, तर पेन उघडाच ठेवून बसला होता.

उत्कर्षा : परत देता येतो. मी सरांशी बोलते.

दीपक : काय बोलतेस?

उत्कर्षा : जे झालं ते. की आपलं दोघांचं सकाळी ठरलं होतं. मी पाठ फिरवली की तू अंधार करायचास. बाकी कुणाला माहीत नव्हतं. आणि मी पाठ आधी फिरवली. ओवीच्या आधी.

दीपक : मी पाच आकडे मोजले, उत्कर्षा. म्हटलं वळेल. पाठमोरीच म्हणेल कदाचित. पाचानंतर हॉलमध्ये खोकले सुरू झाले. मग बोट खाली घेतलं.

उत्कर्षा : त्याच रात्री का नाही बोललास?

दीपक : सरांनी विंगेत सगळ्यांना उभं केलं, विचारलं, दिवे कुणाच्या हातात होते? मी तुझ्याकडं बघितलं. तू केसांतल्या पिना काढत होतीस. एकेक काढून तळहातावर ठेवत होतीस. म्हटलं, पिना संपल्यावर बोलेल.

उत्कर्षा : दीपक…

दीपक : मग बक्षीस जाहीर झालं. आता पोरीचं बक्षीस कुठं काढून घ्या. विसरलीस तू, त्यात काय. माणूस विसरतं. मी शाळेत प्रतिज्ञा विसरलो होतो. विसरण्याबद्दल कुणाला फासावर देत नाहीत.

उत्कर्षा : तुझ्या आईला वाटतंय तुला लाज वाटली.

दीपक : वाटू दे.

उत्कर्षा : आजीलाही तेच वाटलं. तू तेराव्याला गप्प बसलास.

दीपक : मग काय करू? आजीला परत आणून सांगू? आजी ऐकत होती तोवर मी तुझी वाट बघत होतो. रोज वाटायचं, आज फोन येईल, म्हणेल, दीपक, मी येते आजीकडं, सांगते. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. नदी आटली. आजीनं भाकरी सोडली. आता सांगायला फक्त आई उरलीय. आईचा राग माझ्यावर आहे तो बराय. मी तिच्यासमोर आहे रोज. ताट आपटती, दार आपटती, राग निघून जातो थोडाथोडा. तुझ्यावर रागावली तर कुणासमोर ताट आपटेल? तू पुण्यात.

उत्कर्षा : असं नको बोलूस.

दीपक : मग कसं बोलू? तू सांग, संवाद तू छान म्हणतेस.

उत्कर्षा : शनिवारी ये फक्त. एकदाच. नवीन पोरांना वर्तुळ पाडून दे.

दीपक : त्या दिव्यांचे डबे आणतोय मी शनिवारी. आईचं पीठ पोत्यात आहे वर्षभर, किडे झालेत.

उत्कर्षा : आणि ग्रुप?

दीपक : मी स्वप्नातसुद्धा बटणापाशी असतो, आणि हात नसतात मला. असा माणूस काय कामाचा ग्रुपला? वेल्डिंगला निदान उजेड डोळ्यापुढं असतो. आणि तो बघायचा नसतो, तेवढं एक बरं.

कौसल्या : च्या घ्या. साखर बेतानं टाकलीय. काय ठरलं तुमचं?

दीपक : काही न्हाय. ती निघालीय. साडेपाचची गाडी हाय फाट्यावरनं.

कौसल्या : आलीच हाईस पोरी, तर येक काम कर माझं. तू इचार त्येला. मी इचारलं तर मुका व्हतो. माझ्या आईची ओवी का इझवली, एवढंच इचार. मी हितं बसती, मधी बोलणार न्हाय.

दीपक : आई, चहा पिऊ दे तिला.

कौसल्या : पिऊ दे की. कप माझ्या हातात हाय का?

दीपक : घाई झाली. बोट घसरलं. सांगितलंय तुला.

कौसल्या : कवा सांगितलंस? आज सांगाय लागलास, पाव्हणी बसल्यावर. बोट घसरलं म्हणं. शेळीचं दूध काढताना कवा घसरलं न्हाय. आईला वाटलं त्येच खरं व्हतं. तू बटण दाबताना तुझ्या डोळ्यापुढं आमी आलो. तिसऱ्या रांगंतल्या दोन बाया.

दीपक : बरं. आलात डोळ्यापुढं. झालं समाधान?

कौसल्या : झालं. दाखला कुठं ठेवलास? भिजंल तितं. आत ठेव.

उत्कर्षा : काकू, तो खोटं बोलतोय.

दीपक : उत्कर्षा, गाडी चुकेल.

उत्कर्षा : त्यानं दिवा वेळेवर घालवला. मी पाठ फिरवली की घालवायचा, असं ठरलेलं होतं. मी आधी फिरवली. तरी तो थांबला होता.

दीपक : विसरली ती, आई. स्टेजवर व्हतं असं. एकदम डोकं कोरं होतं. तिचा काय गुन्हा न्हाय.

कौसल्या : इसरली? मगाशी तर एका दमात म्हणली. येक शबुद हलला न्हाय.

दीपक : मगाशी?

कौसल्या : तू यायच्या आदी. माझ्या म्होरं.

दीपक : नंतर पाठ केली असेल. उत्कर्षा? नंतर केलीस ना?

उत्कर्षा : नाही. तेव्हाही येत होती.

दीपक : मग?

उत्कर्षा : आमच्या आधी पुण्याचं नाटक झालं होतं. तीच पोरं पुढच्या दोन रांगांत बसली होती. पहिल्या प्रवेशात मी "न्हाय" म्हटलं, तर ती हसली. दुसऱ्यांदा म्हटलं, तर एकीनं माझी नक्कल केली, मला ऐकू येईल अशी. त्यांच्या मागं तुम्ही दोघी दिसत होता. आजींनी कानामागं हात धरला होता. मी तोंड उघडलं होतं, काकू. ओवी ओठांवर होती, सगळीच्या सगळी. दीपकला नाही वाटली तुमची लाज. मला वाटली.