टाकीवरची घाण

...आणि मला सांगा, हवा म्हणजे काय दावं तोडून पळालेली गाय आहे, की मागे धावून धरून आणावी? हे माझं नव्हे हो, आमच्या ह्यांचं म्हणणं! नळांना क्रोमचा मुलामा चढवायचा आमचा कारखाना. टाकीत वीज सोडली की बुडबुडे येतात, फुटतात, पिवळट वाफ वर उडते, आणि हे उभा जन्म त्या वाफेत शिंकत राहिले... वर ऐट काय, तर शिंक आली की समजायचं, माल चकाकणार! आता नवा नियम आला. प्रदूषण खात्याचा साहेब म्हणाला, आजोबा, ही वाफ विषारी, धुराड्यातून बाहेर जाता कामा नये. हे म्हणाले, "हवेला कोण धरणार?"

मुलगा म्हणाला, मी धरतो. त्याने कसलंसं औषध आणलं. टाकीत ओतलं की वर सायीसारखा जाड फेस धरतो, वाफ खालच्या खाली गप्प. साहेब धुराड्यातली हवा मोजायला आला... नापास! पुन्हा औषध, पुन्हा मोजणी, पुन्हा नापास! साहेब म्हणाला, आता येईन तो कुलूप घेऊनच. मुलाच्या घशाखाली घास उतरेना, सून दुसरीकडे काम शोधायला लागली, आणि हे? खुशाल मिशीला पीळ देत, "हवेला कोण धरणार?"

मोजणीच्या सकाळी मी डबा घेऊन गेले. बघते तर काय... मुलगा यायच्या आत हे झारा घेऊन, जीव ओतून, टाकीवरचा फेस काढून बादलीत टाकतायत!

"अहो, हे काय चाललंय?"

"रोज घाण साचते गं वर. टाकी कशी आरशासारखी पाहिजे."

तुम्हाला सांगते, खोडी नाही, विरोध नाही, निव्वळ टापटीप! म्हटलं, "अहो, ती घाण नाही, तेच औषध आहे. त्यावरच पोराचा कारखाना तरंगतोय."

चेहरा असा पडला म्हणून सांगू... स्वतः औषधाचा डबा उचलून आणला, नवं औषध ओतलं, आणि साहेब येईपर्यंत टाकीपाशी पहारा देत उभे. साहेबाने मोजलं. पास! पण ह्यांना शिंक कुठे आली? म्हणजे माल बिघडला! धावत जाऊन नळ उचलला, त्यात स्वतःच्या मिशा लख्ख दिसल्या, तेव्हा कुठे खाली बसले.

सुटले वाटलं मला. कसलं काय! हवेला कोण धरणार म्हणणारा माणूस आता घरभर हवा धरत फिरतो. कांदा परतायला घेतला की धावत येऊन झाकण. कपड्यांच्या बादलीतला फेस ओतू देत नाहीत. घरात उघडं राहिलंय ते एक माझं तोंड... आणि मघापासून ते बघा दारात उभे आहेत, हातात झाकण घेऊन.