मुंजाजीचं पान

हळू बोला म्याडम, बाबा आत खाटंवर जागेच हायत — ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं त्यांना. हां, हेच ते पुस्तक. तुमच्या विद्यापीठात असली लय असतील म्हणा, साहेब लोकांच्या प्रवासाची, राणीच्या काळातली. थांबा, फोटो नंतर काढा, आधी पान वाचा. आमच्या गावाचं एकच पान हाय, पाठ हाय मला — चौतीस वर्षं शाळेत इंग्रजीच शिकवलं ना. काय न्हाई त्यात? डाकबंगल्याच्या खोल्या दोन, पाणी उकळून प्यावं, उन्हाची टोपी कसली घालावी, देऊळ बघायला दहा मिनिटं पुरेत — दहा मिनिटं, बघा! तितराला दोन नावं दिल्यात, एक इंग्रजी, एक लॅटिन. आन् खाली ही ओळ. गावात काय मिळतं? अंडी, दूध, गवत, हमाल. ह्याच क्रमानं. आदल्या सांजंला पाटलाला सांगून ठेवा, म्हारं सामान पुढच्या मुक्कामापोत वाहतेत. झालं. संपलं पान.

तो हमाल म्हंजे मुंजाजी, बाबांचा आजा. पुस्तक साहेब इसरला का ह्यानं मागून घेतलं, कुणाला ठाऊक — पण घरात एकच बोलणं, मुंजाजीचं नाव इंग्रजी पुस्तकात हाय. वाचणारं कोण होतं? कुणीच न्हाई. सोयरीक जमायची तर पाव्हण्यांपुढं चहाच्या आधी पुस्तक यायचं, लोक हात पुसून पानाला लावायचे. बाबांनी येलदरीच्या धरणावर माती वाहिली न् मला शिकवलं — कशासाठी? ह्या पानासाठी. माझ्या बहिणीच्या, सुकेशनीच्या साखरपुड्यात उभं केलं मला, अकरावीत होतो. "सिद्धोधन, वाच." पन्नास माणसं बसलेली. मी मनात वाचलं, तर नावच न्हाई कुठं. मग काय, तोंडाला आलं ते बोललो — गावात मुंजाजी नावाचा इमानदार माणूस हाय, वाट त्यालाच ठाऊक, त्याच्याबिगर पुढं जाऊ नये. बाबा रडले म्याडम, पाव्हण्यांसमोर.

तवापासून दर चौदा एप्रिलला वाचतो. एकदा एक शब्द बदलला, तर म्हणले, मागच्या साली असं नव्हतं. थकलो आता, खरंच थकलो. साहेबाचं सोडा हो, त्याला माणूस दिसलाच न्हाई. पण मी? खरा मुंजाजी कसा होता, वेठीवरून आल्यावर खांदा शेकायचा का, कुणाला शिव्या द्यायचा का — मी बाबांना कधी इचारलंच न्हाई. माझा इमानदार माणूस बसवला त्याच्या जागी न् मोकळा झालो. हे बायकोला बी सांगितलं न्हाई कधी, तुमाला का सांगायलोय कुणास ठाऊक.

काय बाबा? — हां, विद्यापीठातल्याच म्याडम हायत. — त्यांनी वाचावं? का? मी वाचतो की दरसाली. — बरं, बरं.

म्याडम, एकदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं म्हणतेत. या आत, बसा. आत्ता सांगितलं तेच म्हणा, इमानदार माणूस, वाट त्यालाच ठाऊक... वाचा ना. असं पानाकडं काय बघायलाव? ते सोडा, तिकडं नका बघू. दोनच ओळी हायत. वाचा की हो म्याडम.

राहू द्या. द्या पुस्तक इकडं. बाबा, म्याडम चष्मा इसरल्यात, मीच वाचतो. — तुमी निघा आता.